हजेरी लागली, पण ती वर्गात होती का?

काही महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद भरली होती. विषय होता ऑनलाइन अध्यापन आणि शैक्षणिक तंत्रज्ञान. त्यातल्या 'मुलींचा सहभाग' या सत्रात बोलायला मला बोलावले होते. मी काही प्राध्यापक नाही. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि तेव्हापासून वस्त्यांमधून, गावांमधून मुलींच्या शिक्षणाचे आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसचे काम करते. त्यामुळे अशा परिषदेत आपले काय काम, असेच आधी वाटले. जाऊन आल्यावर मात्र वाटते आहे की आपण संघटनांच्या बायकांनी अशा ठिकाणी जायलाच हवे, आणि आजवर गेलो नाही ही आपली चूक झाली. हा लेख त्यासाठी.

मंचावर कोण, टेबलावर कोण

सभागृहाच्या दाराशी मोठी रांगोळी होती. ती प्राध्यापिकांनी सकाळी लवकर येऊन काढलेली. नोंदणीच्या टेबलावर प्राध्यापिका, पिशव्या आणि बिल्ले वाटायला प्राध्यापिका, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देणाऱ्यांच्या हाती तबक द्यायला विद्यार्थिनी, त्याही सगळ्या साडीत. मंचावर सात खुर्च्या. सातही पुरुषांच्या. सूत्रसंचालन एका प्राध्यापिकेचे होते आणि आभार मानायला दुसरी होती. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातल्या महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय शिक्षकांत स्त्रिया सुमारे ४३ टक्के आहेत. म्हणजे शिकवायला त्या आहेत. पण कसे शिकवावे हे ठरवणाऱ्या मंचावर नाहीत.

यात नवीन काही नाही, असे कोणी म्हणेल. पण या विशिष्ट विषयाच्या परिषदेत ते जास्त महाग पडते. तिथे जे बोलले जाते त्यावरून उद्या महाविद्यालय कोणती यंत्रणा विकत घेणार, हजेरी कशी मोजणार, परीक्षा कशी घेणार, किती तास वर्गात आणि किती पडद्यावर, हे ठरत जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतून २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेण्याची मुभा दिली. २०२१ च्या नियमांत ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. उद्या एखाद्या महाविद्यालयाने ही मुभा पुरेपूर वापरली तर मुलीच्या शिक्षणाचा जवळजवळ निम्मा भाग घरात होईल. तेव्हा त्या घराची चर्चा परिषदेत व्हायला हवी की नको?

ती झाली नाही. 'मुलींचा सहभाग' हे सत्र दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ठेवले होते. निम्मे लोक प्रमाणपत्रांच्या रांगेत उभे होते.

"ऐकू येत होतं, बसता येत नव्हतं"

पहिल्या दिवशी दुपारी एका वक्त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. टाळेबंदीच्या काळात त्यांच्या महाविद्यालयात ऑनलाइन तासांना मुलींची हजेरी मुलांपेक्षा जास्त होती, म्हणून ऑनलाइन शिक्षण मुलींना विशेष सोयीचे आहे, असा त्यांचा निष्कर्ष. टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर बरे वाटले.

चहाच्या वेळी एक विद्यार्थिनी कप गोळा करत होती. एम.ए.ला आहे म्हणाली. मध्ये एक वर्ष शिक्षण सुटले होते. टाळेबंदीत ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. मी सहज विचारले, तेव्हा ऑनलाइन तास कसे केलेस?

"भावाचा फोन होता, ताई. दहा वाजता जॉइन करून चुलीपाशी ठेवायचा. आई मजुरीला जायची, मग भाकरी, भांडी, पाणी माझ्याकडं. मॅडमचं बोलणं ऐकू येत होतं, पण बसता येत नव्हतं. हजेरी मात्र लागायची."

म्हणजे त्या आलेखातल्या उंच खांबात हीसुद्धा मोजली गेली असणार. यंत्राला एवढेच कळते की अमुक क्रमांक अमुक वेळ जोडलेला होता. त्या क्रमांकामागची मुलगी पिठाच्या हातांनी उभी होती की वही घेऊन बसली होती, हे त्याला कळत नाही. दोष यंत्राचा नाही. आकडा बघून त्यावरून मुलींची सोय ठरवणाऱ्यांचा आहे. त्यांनी एकदा त्या मुलीला विचारायला हवे होते, आणि ती तर त्याच सभागृहात कप उचलत होती.

उलट बाजूही तिने सांगितली. एका सरांनी कॅमेरा चालू ठेवायची सक्ती केली, तेव्हा तिने त्यांच्या तासाला जाणेच सोडले. एका खोलीचे घर, मागे दोरीवर कपडे, कोपऱ्यात आजारी आजी. ते साठ मुलांना दिसणार. पुढे परीक्षा ऑनलाइन झाल्या तेव्हा कॅमेऱ्यातून नजर ठेवणारी व्यवस्था आली. मान वळली, खोलीत दुसरा आवाज आला की इशारा. ज्या घरात अभ्यासाची वेगळी खोली आहे, दार लावून घेता येते, त्या घरातल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून हे नियम केलेले आहेत. 'विद्यार्थी' म्हटल्यावर नियम करणाऱ्यांच्या मनात कोणाचे चित्र येते, हे यातून कळते.

घर ही काही कोरी जागा नाही

ऑनलाइन शिक्षणाच्या चर्चेत घर म्हणजे जणू एक रिकामी खोली असते. खुर्ची मांडा, यंत्र लावा, शिक्षण सुरू. आपल्याला, म्हणजे चळवळीतल्या बायकांना, घर काय असते ते चांगले माहीत आहे. घर हे बाईच्या कामाचे ठिकाण आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे दिसले. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. आणि ही फक्त हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी. हातच न लावणारे त्यात धरलेले नाहीत.

यंत्र कोणाच्या हातात आहे तेही पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातल्या, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे होता. तो साधा असो की स्मार्ट, दोन्ही धरून. हे आकडे आता वाढले असतील. पण 'घरात फोन आहे' आणि 'मुलीकडे फोन आहे' यांतला फरक आकडे वाढल्याने आपोआप मिटत नाही. फोन तिला मिळतो तो भावाचा खेळ संपल्यावर, आणि मिळाला तरी कोणाशी बोलतेस यावर घरभराची नजर.

नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीतल्या एका नामांकित महाविद्यालयात गणित शिकणाऱ्या तेलंगणातल्या विद्यार्थिनीने घरी आत्महत्या केली. ती हुशार होती, शिष्यवृत्तीधारक होती. तिला अभ्यासासाठी लॅपटॉप हवा होता आणि आपल्या शिक्षणाचा घरावर भार पडतो आहे ही बोच तिला लागली होती. एका मृत्यूला एकच कारण नसते. पण ऑनलाइन शिक्षणाचा खर्च महाविद्यालयाने मुलीच्या घरावर ढकलला की तो भार कोणाच्या मनावर येतो, ते या घटनेने साऱ्या देशाला दाखवले होते. आज परिषदांमधून तिची आठवण कोणी काढत नाही.

आणि इथे मला आपला इतिहास आठवतो. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ती क्रांती केवळ अक्षरांची नव्हती. मुलगी रोज ठरावीक वेळी उंबरठ्याबाहेर पडणार, चूल आणि पाळणा सोडून काही तास दुसऱ्या जागी बसणार, ही त्यातली मोठी गोष्ट होती. म्हणून तर विरोध एवढा झाला. आजही आमच्या भागातल्या मुलींना विचारा, कॉलेजने काय दिले? विषय नंतर सांगतात. आधी सांगतात एस.टी., मैत्रिणी, वाचनालयातला कोपरा, 'तास आहे' असे सांगून घराबाहेर पडता येते ते. टाळेबंदीत ते कारणच गेले. घरात बसलेल्या मुलीचे लग्न उरकायला घरच्यांना वेळ लागला नाही. आमच्याकडे आलेल्या काही केसेस त्याच काळातल्या लग्नांच्या आहेत. माझ्याशी बोललेल्या त्या मुलीचे जे एक वर्ष गेले ते लग्न टाळण्याच्या भांडणात गेले.

म्हणून शिक्षण घरात आणणे म्हणजे प्रगतीच, असे आपण न तपासता मान्य करू नये. मुलीच्या बाबतीत ती काही वेळा माघारही असू शकते.

प्राध्यापिकेलाही घर असते

आता शिकवणाऱ्या बाईकडे वळू. मुलीला जसे कॉलेज, तसे प्राध्यापिकेला परिषद हे घराबाहेर पडण्याचे मान्य कारण असते. दोन दिवस परगावी राहणे, आपल्या विषयावर चार लोकांसमोर बोलणे, बरोबरीच्या बायकांशी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारणे. कित्येकींना वर्षातून हे एवढेच मिळते. शिवाय पदोन्नतीसाठी ते लागतेही. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार पदोन्नतीला उजळणी वर्ग, प्रशिक्षणे हवीत, आणि परिषदेत निबंध वाचण्यालाही गुण आहेत.

२०२० नंतर परिषदा आणि वेबिनारांचे पेव फुटले, तेव्हा मी मनापासून स्वागत केले होते. मला वाटले, आता सासरची परवानगी नको, गाडीभाडे नको, तान्हे मूल कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न नको. आणि खरेच काही जणी आयुष्यात पहिल्यांदा दिल्लीच्या परिषदेत बोलल्या, त्याही स्वतःच्या घरून. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण जेवणाच्या रांगेत भेटलेल्या एका प्राध्यापिकेने सांगितले ते ऐका. "परगावी परिषद असली की ड्यूटी लीव्ह मिळायची, घरचेही डबा लावून घ्यायचे. आता ऑनलाइन म्हटल्यावर कॉलेज म्हणतं, तास घेऊन मग ऐका. घरचे म्हणतात, घरीच तर आहेस. मी बीजभाषणं कणीक मळता मळता ऐकलीत. प्रमाणपत्रं आहेत ढीगभर. डोक्यात काय राहिलं विचारू नका."

पुन्हा तेच. तिचीही हजेरी लागली होती.

तिच्या शेजारी उभी असलेली बाई तासिका तत्त्वावर शिकवते. आपल्याकडच्या महाविद्यालयांत कित्येक उच्चशिक्षित बायका वर्षानुवर्षे अशा राबत आहेत. जितके तास घेतील तितके पैसे, सुट्टीत काही नाही, रजा नाही, पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. परिषदेची नोंदणी फी तिने स्वतः भरली होती आणि त्या दोन दिवसांच्या तासांचे पैसेही बुडाले होते. कायम नोकरीतल्या सहकाऱ्यांना फी परत मिळते आणि पगार चालू राहतो. म्हणजे ज्यांना प्रशिक्षणाची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच ते सगळ्यात महाग.

तिची आणखी एक भीती होती. टाळेबंदीत तिने आपली व्याख्याने रेकॉर्ड करून महाविद्यालयाला दिली. उद्या तीच रेकॉर्डिंग वर्गात लावली तर? कायम प्राध्यापकाचे व्याख्यान रेकॉर्ड झाले तरी त्याचा पगार थांबत नाही. तासावर पैसे मिळणाऱ्या बाईचा मात्र तासच जातो. ई-साहित्य निर्मितीवर परिषदेत दोन सत्रे झाली. ते साहित्य कोणाच्या मालकीचे, त्याचा मोबदला किती, ते किती वर्षे वापरायचे, यावर एक वाक्यही उच्चारले गेले नाही.

आणि एक विषय, जो बायका आपापसांत बोलतात पण शोधनिबंधात येत नाही. ऑनलाइन तासांमुळे प्राध्यापिकांचे फोन नंबर शेकडो विद्यार्थ्यांकडे गेले. रात्री-अपरात्रीचे संदेश, तासाचे चोरून काढलेले फोटो, त्यावर केलेली टिंगल, मध्येच तासात घुसून शिवीगाळ. तक्रार केली तर 'तुम्हाला तंत्रज्ञान हाताळता येत नाही' असा शेरा. वास्तविक कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त भेट दिलेल्या जागेलाही कामाचे ठिकाण मानतो, आणि आयोगाने २०१५ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी वेगळे नियम केले. म्हणजे परिषदेचे सभागृहसुद्धा त्यात येते. पण त्या परिषदेच्या चकचकीत पत्रिकेवर प्रायोजकांची बोधचिन्हे होती. तक्रार समितीचा नंबर कुठेही नव्हता.

मग ऑनलाइन नकोच का?

माझे तसे म्हणणे नाही. दूरशिक्षणाने आपल्याकडच्या बायकांना खूप काही दिले आहे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या कितीतरी जणींनी तिथून पदवी घेतली. आमच्या संघटनेतल्या दोन कार्यकर्त्या त्यातल्याच. पण त्या काय सांगतात? पुस्तके घरी होती, तरी खरे शिक्षण अभ्यासकेंद्रावर झाले. आठवड्याच्या सुट्टीला तिथे जायचे, दुसऱ्या बायका भेटायच्या, अडलेले विचारता यायचे. गंगा घरी आली हे खरे, पण पोहायला त्या घराबाहेरच शिकल्या.

तेव्हा प्रश्न तंत्रज्ञान हवे की नको हा नाहीच. ते येते आहे. प्रश्न असा आहे की ते कसे यावे हे ठरवताना बाईचे घर, बाईचा वेळ आणि बाईची मजुरी हिशेबात धरणार की नाही. आणि हे धरायला लावायचे तर त्या बायका चर्चेत असल्या पाहिजेत. १९८१ साली मुंबईला एस.एन.डी.टी. विद्यापीठात पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद झाली. विद्यापीठाच्या आवारात स्त्रियांच्या प्रश्नांना अभ्यासाचा विषय म्हणून हक्काची जागा मिळाली ती अशा परिषदांमधूनच. त्यामुळे परिषद म्हणजे नुसता प्रमाणपत्रांचा बाजार, असे म्हणून आपण नाक मुरडू नये. ती आपण आपल्या कामी आणू शकतो.

आपण काय मागायचे

आपापल्या भागातल्या महाविद्यालयांकडे आणि परिषदांच्या संयोजकांकडे आपण निदान एवढे मागू या :

१. तासिका तत्त्वावरील आणि कंत्राटी शिक्षकांना नोंदणी फी माफ असावी आणि परिषदेच्या दिवसांच्या तासांचे मानधन महाविद्यालयाने द्यावे.

२. ऑनलाइन परिषद आणि प्रशिक्षणासाठीही ड्यूटी लीव्ह मिळावी, आणि त्या वेळी महाविद्यालयात बसायला शांत खोली मिळावी. 'घरीच तर आहेस' याला हेच उत्तर आहे.

३. प्रत्यक्ष परिषदेत पाळणाघर असावे. आपल्या शिबिरांत आपण सतरंजी टाकून, खाऊ आणून ते चालवतोच. लाखाचे बजेट असलेल्या परिषदेला ते अशक्य नाही.

४. पत्रिकेवर तक्रार समितीचे नाव आणि नंबर छापावा. ऑनलाइन तासातला त्रास हा कामाच्या ठिकाणचा त्रास मानावा.

५. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानाची मालकी, मुदत आणि मोबदला लेखी ठरवावा.

६. विद्यार्थिनींना चहा द्यायला नव्हे, तर बोलायला बोलवावे. ऑनलाइन हजेरीचे आकडे मांडणाऱ्याने निदान काही मुलींशी बोलून ते मांडावेत.

७. ऑनलाइन अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलींसाठी महाविद्यालयाचे वाचनालय आणि संगणक कक्ष संध्याकाळपर्यंत उघडे ठेवावेत, म्हणजे पडद्यावरचे शिक्षणही तिला घराबाहेर बसून घेता येईल.

यातली सातवी मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती सर्वांत स्वस्तही आहे. खोली आहे, यंत्रे आहेत, वीज आहे. फक्त कुलूप उशिरा लावायचे आहे आणि परतीच्या एस.टी.ची वेळ बघायची आहे. दोन गोष्टींसाठी दोन अर्ज, एक प्राचार्यांना, एक आगारप्रमुखांना. आमच्या तालुक्यात आम्ही हे अर्ज दिले आहेत. प्राचार्यांनी सहा वाजेपर्यंत वाचनालय उघडे ठेवायचे मान्य केले. एस.टी.चे उत्तर अजून आलेले नाही, त्यामुळे लांबच्या गावच्या मुलींना चारलाच निघावे लागते. पाठपुरावा चालू आहे.

त्या सत्रात मी शेवटी भाषण केले नाही. माझ्या वाट्याच्या पंधरा मिनिटांत त्या कप उचलणाऱ्या मुलीला मी बोलायला सांगितले. आधी लाजली, मग पाच मिनिटे बोलली. चुलीपाशी ठेवलेल्या फोनचे सांगितले. सभागृहात होतो आम्ही तीस-चाळीस जण. आदल्या दिवशी आलेख दाखवणारे वक्ते त्यात होते. संपल्यावर ते तिच्याकडे आले आणि म्हणाले, "हे आम्ही विचारलंच नव्हतं." ते प्रामाणिकपणे म्हणाले असे मला वाटले. विचारायला लावण्याचे काम आपले आहे.

तुमच्या गावी अशी परिषद असेल तर जा. मुलींना घेऊन जा, तासिकेवर शिकवणाऱ्या बायकांना गाठा. तुमच्याकडच्या मुली पडद्यावरचा तास कुठे बसून करतात, की उभ्याने करतात, हे पुढच्या अंकासाठी जरूर लिहून कळवा.